वशिला आणि आकडे: 'कर्जत फास्ट' यांना उत्तर

'कर्जत फास्ट', तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा पटली. सगळी नाही, निम्मी.

इतर वाचकांसाठी थोडक्यात: मागच्या लेखात मी जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर आणि संशोधकाचा एच-इंडेक्स, म्हणजे पेपरांना मिळालेल्या संदर्भांवरून (सायटेशन) काढलेले आकडे, यांवर यथेच्छ तोंडसुख घेतलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "आकडे काढले की मुलाखतीत उरतो तो वशिला. तालुक्याच्या कॉलेजातून आलेल्या माझ्यासारख्याकडे दाखवायला आकड्यांशिवाय होतं काय? आकडा आंधळा असतो, म्हणूनच न्यायी असतो."

पहिली दोन वाक्यं मान्य. मुंबईतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात सत्तावीस वर्षं काढली आहेत. कुणाचा माणूस कुठे चिकटतो हे काउंटरमागून चांगलं दिसतं. 'हे आकडे केराच्या टोपलीत टाका' हे माझं वाक्य मागे घेते. तिसरं वाक्य मात्र घशाखाली उतरत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टर मुळात आमच्या टेबलावरचा. अमेरिकी माहितीतज्ज्ञ युजीन गारफील्डने १९५५ साली त्याची कल्पना मांडली, आणि आम्हा ग्रंथपालांना त्याचा उपयोग जर्नल निवडायला. वर्गणीचं बजेट कधीच पुरायचं नाही. रसायनशास्त्र विभागाच्या यादीतली कुठली तीन जर्नल्स बंद करायची हे ठरवताना मी तो आकडा समासात पेन्सिलीने लिहायची: मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेले संदर्भ, भागिले लेखांची संख्या. कपाट भरायला एवढं पुरतं. माणूस निवडायला?

'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका' या स्फटिकशास्त्राच्या जर्नलच्या 'ए' विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ साली २.०५१ होता. २००९ साली तो ४९.९२६ झाला! कारण जवळजवळ एकच लेख. जॉर्ज शेल्ड्रिकने स्फटिकरचना उलगडणाऱ्या 'शेलएक्स' या आपल्या सॉफ्टवेअरचा इतिहास लिहिला, आणि सॉफ्टवेअर वापरणारे त्याचाच संदर्भ देऊ लागले. त्या अंकात शेजारच्या पानावर तुमचा लेख असता, तर तुमच्या अर्जावरही पन्नास झळकले असते. तुम्ही काहीही न करता.

आता वशिल्याचं. तो आकड्यांच्या बाहेर ताटकळत नाही हो, आत शिरतो. मोठ्या लॅबच्या प्रमुखाचं नाव लॅबमधून निघणाऱ्या प्रत्येक पेपरवर. मित्र मित्रांना सायटेशन देणार. मग एच-इंडेक्स कुणाचा फुगतो? तुमच्या गाईडचा की 'मोठ्या' गाईडचा? २०१० साली यूजीसीने एपीआयचे, म्हणजे पेपर वगैरे मोजून प्राध्यापकांच्या प्रमोशनसाठी द्यायचे, गुण आणले तेव्हा प्राध्यापक माझ्या काउंटरवर येऊन हळूच विचारायचे, "मॅडम, आयएसएसएन नंबर असलेलं, पंधरा दिवसांत छापणारं एखादं जर्नल आहे का?" एकाचा पेपर छापून आला तेव्हा शीर्षकातच चूक होती. गुण पूर्ण मिळाले. शेजारच्या विभागातल्या बाई चार वर्षं एकाच प्रयोगावर बसल्या होत्या, त्यांचं प्रमोशन अडलं. अजून चीड येते.

आणि आकड्याला काय दिसत नाही, ते परळलाच बघा. टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेविकांनी साध्या व्हिनेगरने गर्भाशयमुखाची तपासणी करायची. निष्कर्ष २०१३ साली आले: तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. पंधरा वर्षांचं काम. मधल्या वर्षांत कुणी 'यंदा किती पेपर?' विचारलं असतं तर? याच अभ्यासावर नैतिकतेच्या अंगाने टीकाही झाली, कारण तुलनेसाठीच्या गटातल्या बायकांची तपासणी केलीच नव्हती. पण सायटेशन मोजताना कौतुक करणारा एक आणि टीका करणाराही एकच. दोन्ही अधिक चिन्हानेच.

'मग पर्याय काय' असं तुम्ही जरा कुत्सितपणे विचारलंय. फार थोर काही नाही. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या जाहीरनाम्याचा गाभा एवढाच, की जर्नलचा आकडा माणसाला लावू नका, काम बघा. उमेदवाराने स्वतःचे तीन पेपर निवडून द्यावेत, त्यात आपण नेमकं काय केलं ते लिहावं, आणि समितीने ते वाचून यावं. यातही वशिला चालेल, मला भ्रम नाही. पण न वाचता आलेला सदस्य दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो, आणि तालुक्याच्या मुलाला तेवढी फट पुरते.

एक राहिलंच. तुमच्या मुलाखतीत समितीतल्या कुणी तुमचा एखादा पेपर उघडून पाहिला होता का? तेवढं कळवा.