घुमणं वेगळं, भांडण वेगळं

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. बचतगटाच्या ग्रुपवर आला तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मेसेज थोडक्यात असा: दोन नर गिनीपिग कधीच एकत्र ठेवू नका, सख्खे भाऊ असले तरी सहा महिन्यांत एकमेकांचा जीव घेतात. एक घुमायला लागला, दुसऱ्यावर चढायला लागला की ताबडतोब वेगळे करा. एकत्रच ठेवायचे असतील तर खच्ची करा, बैलासारखे शांत होतात. नाहीतर सोबतीला मादी सोडा. आणि भांडले तर दोघांना एकत्र आंघोळ घाला, वास गेला की दोस्ती होते.

आमच्या घरी दोन नर दोन वर्षांपासून एकत्र आहेत. आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, कापूस-तुरीचं घर. मुलीच्या हट्टापायी नागपूरहून ही जोडी आणली. पांढरा तो बोंड्या, सरकीच्या ढेपीच्या रंगाचा तो ढेप्या. गावात त्यांना अजूनही ‘विलायती उंदीर’ म्हणतात, आणि शेजारचे काका पहिल्या दिवशी पिंजऱ्यात डोकावून म्हणाले होते, ‘दोनी नर? पोरी, कोंबड्यासारखी झुंज लावाची हाय का तुले?’ म्हणजे मेसेज यायच्या आधीच समज गावात होता. त्यातलं काय खरं आणि काय नाही, ते मुद्द्यामुद्द्यानं लिहिते. यातल्या दोन चुका मी स्वतः केल्या आहेत, त्याही सांगते.

पहिला मुद्दा ‘कधीच’चा. गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांकडचा, तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलेला. तो कळपात राहणारा जीव आहे. स्वित्झर्लंडमध्ये 2008 पासून नियमच आहे की गिनीपिग एकटा ठेवायचा नाही. ‘नर आहे, म्हणून एकटा ठेवा’ हा सल्ला त्याच्या स्वभावाच्या उलटा जातो. जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठात नॉर्बर्ट साक्सर यांनी गिनीपिगांच्या वागण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यातून दिसलं ते असं: मोठ्या कळपात, वडीलधाऱ्या नरांच्या धाकात वाढलेला तरुण नर अनोळखी नरासमोर आला तरी बहुतेकदा मारामारीवर येत नाही. एकटा वाढलेला नर मात्र येतो. जुळवून घ्यायचं कसं, हे तो वयात येताना शिकतो. आपल्याकडे घरातल्या एकुलत्या एका पोराबद्दल जे बोलतात तेच थोडंफार.

मेसेजमध्ये खऱ्याचा एक कण आहे, तो नाकारत नाही. तीन महिन्यांपासून पुढे, कधी वर्ष-सव्वा वर्षापर्यंत, नरांच्या अंगात वारं शिरतं. तोवर एका घरट्यात झोपणारे भाऊ अचानक एकमेकांना हुसकायला लागतात. काही जोड्या त्या वयात खरोखर मोडतात. पण ‘काही मोडतात’ आणि ‘सगळे जीव घेतात’ यात फरक आहे. आणि दोन नरांत तिसरा नर आणून जोड पक्की करायला जाऊ नका. तीन नरांचं जमणं दोघांपेक्षा कितीतरी अवघड.

आता खरा मुद्दा, घुमण्याचा. सगळा घोटाळा इथेच आहे.

संध्याकाळी चारा टाकला की आमचा ढेप्या कबुतरासारखा घुमायला लागतो. गळ्यातून खोल आवाज, फोनचं व्हायब्रेशन ताटावर वाजावं तसा. मागचा भाग डावी-उजवीकडे डोलवत, एकेक पाय मोजून टाकत तो बोंड्याभोवती फिरतो. मग त्याच्या मागच्या बाजूला नाक खुपसतो, कधी अंगावर चढतो, बूड जमिनीला घासून आपला वास सोडतो. बोंड्या एक बारीक ‘कुईं’ करून सरकतो आणि पुन्हा गवत खायला लागतो. झालं. हा रोजचा कारभार आहे, यात मोठेपणा कोणाचा ते ठरतं. चढण्याचं म्हणाल तर माद्यासुद्धा एकमेकींवर चढतात, माजावर आल्या की घुमतातही. एकानं पुढे जायचं आणि दुसऱ्यानं सरकायचं, एवढं जमत असेल तर जोडी ठीक आहे.

बिघडतं ते दोघंही सरकायला नकार देतात तेव्हा. समोरासमोर उभे राहून दोघं नाक वर वर करत जातात, ज्याचं नाक जास्त वर तो मोठा. दात कटकट वाजतात, मानेवरचे केस उभे राहतात, जांभई दिल्यासारखं तोंड उघडतं. ती जांभई नसते, दात दाखवणं असतं. इथपर्यंतसुद्धा बऱ्याचदा एक जण माघार घेतो. पण त्यानंतर एकानं झेप घेतली, दोघं एकमेकांना चिकटून गोळा होऊन लोळायला लागले, केसांचे पुंजके उडाले, रक्त दिसलं, की तिथे तत्त्वज्ञान संपलं. लगेच वेगळे करायचे.

माझी पहिली चूक अशी की मी नुसत्या घुमण्यावरच त्यांना वेगळं केलं. हा मेसेज तेव्हा नव्हता, पण सल्ला तोच मिळाला होता. तीन दिवस दोन खोक्यांत ठेवले, मग वाईट वाटलं म्हणून बोंड्याला उचलून ढेप्याच्या खोक्यात सोडलं. आता ते खोकं ढेप्याचं घर झालं होतं, आणि बोंड्या त्यात घुसलेला परका. मिनिटभरात गोळा झाला. मी हात घालणार तेवढ्यात सासूबाईंनी भिंतीला टांगलेलं सूप काढून दोघांच्या मधे सरकवलं. त्या अवस्थेत हात घालणाऱ्याच्या बोटाचा चावा निघतो, मुद्दाम नाही पण निघतो. सूप, जाड टॉवेल, पुठ्ठा, काहीही मधे घाला. माणसाला मुद्दाम चावणारा हा प्राणी नाही, पण त्याचे दात मात्र आयुष्यभर वाढणारे, धारदार असतात.

मिलाफ करायचा तर दोघांच्याही मालकीची नसलेली जागा घ्यायची. आम्ही ओसरीचा कोपरा धुऊन कोरडा केला, मधे गवताचा मोठा ढीग टाकला, लपायला एकही खोपटं ठेवलं नाही, आणि तीन-चार तास शेजारी बसून राहिलो. घुमले, चढले, दात वाजले, मी सूप मांडीवर घेऊन गप्प बसले. तेव्हा हात आवरणं हीच सगळ्यात अवघड गोष्ट. दर वेळी मधे पडलं की ठरत आलेलं पुन्हा पहिल्यापासून ठरवावं लागतं. रात्री वेगळे आणि दिवसा एकत्र, हा प्रकार म्हणूनच वाईट.

दुसरी चूक जास्त महागात पडली असती. बोंड्याच्या कानामागे लागलं होतं. औषधाच्या दुकानातून लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप आणलं, ‘थोडंसं द्या, काही होत नाही’ असं ऐकून. बाटलीचं झाकण उघडण्याआधी, नशीबच म्हणायचं, तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते जवळजवळ ओरडलेच. पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोंडावाटे दिली तर गिनीपिगच्या आतड्यातले कामाचे जंतू मरतात, घातक वाढतात आणि जनावर काही दिवसांत जाऊ शकतं. जखम मिठाच्या कोमट पाण्यानं धुवायला त्यांनी सांगितलं, आणि रोज बोटानं चाचपून गाठ येते का ते बघायला. चावा वरून बुजतो आणि आत पू धरतो. गाठ आली की नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या, म्हणाले. आली नाही. पण फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी ‘वेगळे करा, खच्ची करा’ लिहिण्यापेक्षा ही एक ओळ लिहिली असती तर एखादा जीव वाचला असता.

खच्ची करण्याचा मुद्दा ऐकायला पटतो, कारण आपण गोऱ्ह्याचा बैल होताना पाहिलेला असतो. ठेचला की माज जातो, औताला जुंपता येतो. तोच हिशोब लोक इथे लावतात. पण गिनीपिगच्या नरांतला मोठेपणाचा खेळ खच्ची केल्यानंतरही चालूच राहतो. घुमणं राहतं, चढणं राहतं, एकमेकांना हुसकणं राहतं. नसबंदी करतात ती मुख्यतः नराला मादीसोबत ठेवता यावं म्हणून, आणि तीही केल्यावर महिना-दीड महिना थांबावं लागतं, कारण तोवर तो बाप होऊ शकतो. एवढ्याशा जिवाला भूल द्यायची, हा धोका वेगळाच. भांडण मिटवायला शस्त्रक्रिया म्हणजे शेजाऱ्याशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वाद झाला म्हणून विहीर बुजवण्यासारखं.

मादी सोडण्याबद्दल काय लिहू. दोन नरांमधे मादी आणली की आजवर नसलेलं कारण त्यांना मिळतं. वर पिल्लं. 59 ते 72 दिवसांत मादी विते, आणि व्यायल्यावर काही तासांत पुन्हा गाभण राहू शकते. नर पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की आईपासून वेगळं करावं लागतं. पहिलं वेत सात-आठ महिन्यांनंतर आलं तर मादीच्या कमरेची हाडं जुळून गेलेली असू शकतात, मग पिल्लू अडकतं आणि मादी जाऊ शकते. भांडण दोघांचं, मरायचं तिसरीनं.

आंघोळीचं तर हसूच येतं. वासावर तर ते एकमेकांना ओळखतात. वास धुऊन दोस्ती होत असती तर पोळ्याच्या दिवशी नदीवर धुऊन आणलेले सगळे बैल एकाच दाव्याला बांधता आले असते.

मेसेजमध्ये जे लिहिलंच नाही ते आमच्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. आमच्याकडचा उन्हाळा. पारा 45 च्या पुढे जातो, आणि या जिवाला 18 ते 24 अंश बरं वाटतं. तीसच्या पुढे ऊन लागून मरू शकतो. गेल्या मे महिन्यात आमचे दोघे पुन्हा कटकट करायला लागले, तेव्हा मला वाटलं वयाचंच आहे. दोन दिवस बसून पाहिलं तर भांडण फक्त दुपारी, आणि फक्त एका जागेवर. कुलरच्या वाऱ्यात मी छपराचं एक कवेलू, म्हणजे कौल, ओलं करून ठेवलं होतं, गार बसायला. एकच. दुसरं कवेलू शेजारी ठेवलं, आणि त्याच दुपारी दोघं आपापल्या कवेलूवर पसरले.

तेव्हापासून आमच्याकडे सगळं दोन-दोन आहे. पाण्याच्या दोन बाटल्या, गवताच्या दोन टोपल्या, लपायच्या दोन जागा, आणि एकाच कोपऱ्यात नाहीत. लपायच्या जागेला दोन तोंडं हवीत. फुटका माठ आडवा ठेवला तर छान गार राहतो म्हणून मी ठेवला होता, पण बोंड्या आत गेला की ढेप्या तोंडाशी बसायचा आणि आतला अडकायचा. आता माठाचा बूडही फोडून घासून घेतला आहे, इकडून शिरला की तिकडून निघतो. दोन नरांना आठ-दहा चौरस फूट सपाट जागा द्या. दुकानात मिळणारा पोपटाचा पिंजरा हा भांडणाचा अर्धा बाप आहे. गवत धुऱ्यावरचं देत असाल तर तणनाशक कधी मारलं ते आधी विचारा. आणि ढोबळी मिरची, कोथिंबीर रोज हवी, कारण आपल्या शरीरासारखंच त्याचं शरीरही क जीवनसत्त्व स्वतः बनवू शकत नाही.

आणखी एक. दबलेला नर नेहमी रक्तानं दिसत नाही. तो गपचूप कोपऱ्यात बसतो, चाऱ्याजवळ उशिरा येतो. दर रविवारी मी दोघांना किराण्याच्या तराजूत तोलते आणि कॅलेंडरवर आकडा लिहिते. एकाचा आकडा दोन-तीन आठवडे सलग खाली आला तर घुमणं-बिमणं विसरा, त्याला खायला मिळत नाहीये किंवा तो आजारी आहे. नीट नांदणारी जोडी एकाएकी बिघडली तर आधी दुखणं शोधायचं, दात, पाय, लघवी.

इतकं करूनही जमत नाही, असं होतं. माझ्या मावसबहिणीच्या घरचे दोघे दोनदा रक्ताळले. जागा होती, सगळं दोन-दोन होतं, तरी. तिसऱ्यांदा तिनं प्रयत्न केला नाही, आणि बरोबर केलं. पण तिनं त्यांना दोन खोल्यांत नेऊन टाकलं नाही. मोठ्या खोक्याच्या मधोमध कोंबड्यांची बारीक जाळी लावली. दोघं एकमेकांना दिसतात, वास येतो, रात्री जाळीच्या दोन्ही बाजूंना बोलत बसतात. परवा गेले होते तेव्हा दोघंही जाळीला पाठ लावून झोपले होते, आणि त्यातला थोरला झोपेतही घुमत होता.