काम देता, मग निर्णयही द्या ना

आज मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत टीममधल्या एका पोरीला ऐकवलं गेलं, "तुझ्यात ओनरशिपच नाही." तेव्हापासून डोकं सणकलंय माझं.

कुठून येणार ओनरशिप, म्हणजे काम आपलं वाटणं? क्लायंटला दोन ओळींचा ईमेल पाठवायचा तरी तिला ड्राफ्ट आधी वर दाखवावा लागतो. तो परत येतो तेव्हा 'काइंडली' काढून 'प्लीज' घातलेलं असतं, बस्स! तारीख ठरवणार दुसरे, काम कसं करायचं तेही दुसरेच सांगणार. जमलं की श्रेय वर जाणार आणि फसलं की खापर तिच्या डोक्यावर. मग ती पाट्या टाकते. मी तिच्या जागी असते तर मीही टाकल्या असत्या.

मला नेहमी माझे पहिले टीम लीड आठवतात. मी नवी होते. ते म्हणाले, "हे मॉड्यूल तुझं. तारीख तू सांग, कॉलवर तूच बोल. अडलीस तर मी आहे." पहिल्याच कॉलवर क्लायंटने वाकडा प्रश्न विचारला. मी सरांकडे पाहिलं. ते खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत बसले. मुद्दाम! उत्तर त्यांना येत होतं, मला पक्कं माहीत आहे. शेवटी मीच बोलले. त्यानंतर त्या मॉड्यूलसाठी कधी कुणाला माझ्या मागे लागून काम सांगावं लागलं नाही.

मान्य, नवख्यावर सगळं ढकलून हात झटकणं म्हणजे विश्वास नव्हे. आणि काहींना जबाबदारी नकोच असते, तेही खरं. पण "आमची माणसंच तशी" हे ऐकलं की माझा संताप होतो. जनरल मोटर्सने कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना 1982 मध्ये बंद केला. कामगार दांड्या मारतात, क्वालिटी वाईट, अशी त्याची ख्याती. 1984 मध्ये टोयोटाबरोबर तोच कारखाना पुन्हा सुरू झाला, बरेचसे कामगार तेच. फरक हा की काही बिघडलेलं दिसलं तर दोरी ओढून लाइन थांबवायचा अधिकार आता साध्या कामगाराला होता. थोड्याच काळात तिथल्या गाड्या जनरल मोटर्सच्या उत्तम गाड्यांत गणल्या जाऊ लागल्या. माणसं तीच होती हो!

लीडवरही वरून दबाव असतो, कळतं मला. हातचं सोडायची भीती वाटते. सरांनाही त्या दिवशी वाटली असेलच, क्लायंट त्यांचाही होता. तरी ते गप्प बसले.

माझ्या लिस्टमध्ये लीड झालेले बरेच जण आहात. या आठवड्यात एकाला एक अख्खं काम देऊन बघा. तारीख त्यालाच विचारा, ईमेल न तपासता जाऊ द्या. आणि कॉलवर त्याला प्रश्न आला, तुमच्या ओठांवर उत्तर आलं, तरी कृपा करून म्यूटवरच राहा.