कर्णाचा खटला आणि कुल्लेर्वोची सुरी

मराठी घरांत कर्णावरून होणाऱ्या वादाला हल्ली खटल्याचे स्वरूप आले आहे. सुट्टीत घरी गेलो की जेवणे उरकल्यावर तो उभा राहतो आणि फिनलंडला परतल्यावर फोनवरून पुढे चालू राहतो. सूतपुत्र म्हणून हिणवला गेलेला, कवचकुंडले देऊन टाकणारा, मित्रासाठी मरण पत्करणारा कर्ण हाच महाभारताचा खरा नायक, असे एक बाजू म्हणते. भर सभेत द्रौपदीला कुलटा म्हणणारा, तिची वस्त्रे उतरवण्यास सांगणारा आणि गंधर्वांपुढून पळ काढणारा माणूस नायक कसा, असे दुसरी विचारते. हे दोन कर्ण आपल्याकडे जणू जुळ्यांसारखे आले: शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ ही दोन्ही पुस्तके १९६७ सालची.

अलीकडे या वादात नवा पुरावा दाखल झाला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने हस्तलिखिते ताडून १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत ‘मी सूताला वरणार नाही’ हे द्रौपदीचे वाक्य नाही. तेव्हा अपमानच झाला नाही, म्हणून सहानुभूतीही रद्द, असा युक्तिवाद केला जातो. पाठचिकित्सेचे काम मला पूजनीय वाटते. पण पाठ कोणता जुना हे ती सांगते, नायक कोण हे ठरवणे तिच्याकडे सोपवता येत नाही. शिवाय रंगभूमीवरील शस्त्रस्पर्धेत भीमाने कर्णाला हिणवले, तो प्रसंग त्याच आवृत्तीत शाबूत आहे. सोयीचा पुरावा तेवढा वाचणारे वकील दोन्ही पक्षांत आहेत.

मी राहतो त्या देशाचे महाकाव्य म्हणजे ‘कालेवाला’. एलियास ल्योनरोट या वैद्याने गावोगावची गाणी जमवून ते १८३५ साली आणि पुढे बरेच वाढवून १८४९ साली सिद्ध केले. त्यातला कुल्लेर्वो मला कर्णाचा दूरचा भाऊ वाटतो. त्याच्या बापाचे कुळ चुलत्याने कापून काढले. या पोराला पाण्यात, आगीत आणि फासावर मारण्याचे तिन्ही प्रयत्न फसल्यावर त्याला एका लोहाराच्या घरी गुलाम म्हणून विकले. लोहाराच्या बायकोने थट्टेने त्याच्या भाकरीत दगड घालून ती भाजली आणि त्या दगडावर त्याची सुरी मोडली. बापाची म्हणून तेवढी एकच वस्तू त्याच्यापाशी उरली होती. गुरांच्या जागी त्याने अस्वले आणि लांडगे घरी हाकून आणले व त्या बाईला फाडून मारवले. पुढे अजाणता सख्ख्या बहिणीशी संग, तिने नदीत दिलेला जीव, चुलत्याचा सूड. आणि शेवटी तो आपल्या तलवारीलाच विचारतो की तुला अपराधी रक्त प्यायला आवडेल का. तलवार होकार देते.

त्याच्या मृत्यूची वार्ता ऐकून या महाकाव्याचा मुख्य नायक, वृद्ध गायक वैनामोइनेन म्हणतो की मुलाला वाईट रीतीने वाढवू नये. तसे वाढलेले मूल मोठे झाले तरी शहाणे होत नाही. या बोलण्यात कुल्लेर्वोची निर्दोष सुटका नाही आणि त्याचा धिक्कारही नाही. अर्थात येथील लोक आपल्यापेक्षा समंजस आहेत, असा निष्कर्ष मी काढणार नाही. कुल्लेर्वोच्या जन्माशी येथे कोणाची जात जोडलेली नाही. कर्णाच्या सूतपणात मात्र आपल्याकडे अनेकांना स्वतःची आणि आजोबांची अवहेलना दिसते, आणि ती खोटी नाही. घरच्या खटल्यातला चढा आवाज म्हणूनच मला परक्या शांततेपेक्षा कमी प्रतीचा वाटत नाही. माझी तक्रार एवढीच की या आवाजात उद्योगपर्वातला एक प्रसंग ऐकूच येत नाही.

युद्धापूर्वी कृष्ण कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगतो आणि पांडवांचे ज्येष्ठपद व राज्य देऊ करतो. अन्यायाची भरपाई यापेक्षा मोठी असूच शकत नाही. कर्ण ती नाकारतो. दुर्योधनाला खूश करण्यासाठी आपण पांडवांना कटू बोललो, त्याचा आज पश्चात्ताप होतो, असे तो स्वतः कबूल करतो. आपला पक्ष हरणार हेही त्याला दिसते आहे. ‘हे युधिष्ठिराला सांगू नकोस, त्याला कळले तर तो राज्य घेणार नाही,’ अशी अटही तो घालतो. माझ्या मते कर्ण येथे नायक होतो. सभेतला अपराध त्यामुळे धुऊन निघत नाही आणि रंगभूमीवरचा अपमानही लहान होत नाही. पण येथवर इतरांनी घडवलेली त्याची गोष्ट या क्षणी पूर्णपणे त्याच्या हाती येते आणि तो तिची किंमत डोळे उघडे ठेवून मोजतो. कुल्लेर्वोला असा क्षण मिळतो तो थेट तलवारीपाशी.

मागच्या हिवाळ्यात एका फिनिश सहकाऱ्याला मी कर्णाची कथा सांगितली. दान, शाप, रुतलेले चाक हे सारे त्याने मुकाट ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: आपण कोण आहोत हे त्याला कधी कळले? युद्धाआधी, असे मी सांगितले. मग तो प्रसंग पुन्हा सांग, असे तो म्हणाला.