बाळंतिणीचा पलंग किती उंच?

मामेबहीण बाळंत झाल्यापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जुंपली आहे. ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये तिला शेगडीचा शेक द्यायचा की नाही, हा वाद. "पूर्वजांनी उगीच नाही ठरवलं," असं काका म्हणतात, तर तिच्या नवऱ्याच्या मते सगळं थोतांड. डिंकाचे लाडू, पोट बांधणं, कानात कापूस, सव्वा महिना खोलीबाहेर न पडणं, एकेक गोष्ट घेऊन दोन्ही बाजू भांडताहेत. मी लिहिलं, बंद खोलीत निखारे नकोत एवढं डॉक्टरचं ऐका, बाकी लाडू खा आणि गप्प बसा. त्यावर काकांचं उत्तर आलं, "तू तिकडे बसून शिकवू नकोस."

तिकडे म्हणजे नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला. आणि शिकवणारच.

इथे पोट दिसायला लागलं की क्रामझोर्गची, म्हणजे बाळंतिणीला घरी मिळणाऱ्या मदतीची, नोंदणी करायची. प्रसूतीनंतर आठ-दहा दिवस बाई घरी येते. तास गरज बघून ठरतात, २४ ते ८० मधले काहीतरी. पैसे विम्यातून जातात, वर आपल्या खिशातून तासाला पाचेक युरो. ती टाके बघते, बाळाला पाजायला शिकवते, संडास घासते, बाळ बघायला आलेल्यांना चहा देते आणि जास्त वेळ बसले तर उठवतेही. तिची अट एकच. पलंग ७० ते ८० सेंटिमीटर उंच हवा, नसेल तर खाली ठोकळे लावा. वाकून वाकून तिची पाठ जाऊ नये म्हणून हा आर्बोचा, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेचा, नियम. बाळंतिणीला चढता-उतरताना त्रास होतो, पण नियम म्हणजे नियम.

माझ्या वेळी आई आली होती, बॅगेत अळीव, डिंक, बाळंतशोपा आणि जुन्या लुगड्यांची दुपटी घेऊन. क्रामझोर्गवाली खिडकी उघडायची, आई लावायची. बाळंतिणीने चीजचा थंडगार ब्रेड खायचा, हे आईला शेवटपर्यंत पटलं नाही. (लोणी लावलेल्या बेस्खाउटवरची, म्हणजे गोल टोस्टवरची, गुलाबी बडीशेप मात्र तिने आवडीने खाल्ली. बडीशेपेने दूध येतं, असं इथल्या आज्याही मानत आल्या आहेत. त्यावरून इथे कोणी भांडत नाही, खातात.) आई बाथरूमच्या फरशीवर पाय पसरून बसायची आणि बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची. ते बघून त्या बाईने मला विचारलं, यांची पाठ दुखत नाही का? दिवसाला किती तास काम करतात? मी आईला सांगितलं तर ती हसली. "आजीला कसले तास?" रात्री पाठीला बाम मागितला.

शेगडी विज्ञान की अंधश्रद्धा, हा वाद मला म्हणूनच बिनकामाचा वाटतो. बाळंतिणीला सव्वा महिना झोपू दिलं, तर त्या सव्वा महिन्यात उभं कोण राहिलं? लाडू वळले कोणी? आजी फुकट राबली आणि न्हाऊ घालणारी मावशी साडीचोळीवर. २०१७ पासून भारतात २६ आठवड्यांची पगारी रजा आहे आणि नेदरलँड्समध्ये १६ च, हे काका मला पुन्हा पुन्हा ऐकवतात. खरं आहे. पण ती रजा जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथली. मावशीचं कामाचं ठिकाण म्हणजे आपली मोरी. तिच्या बाळंतपणात तिचं घरोघरचं काम सुटतं आणि पैसेही थांबतात. तिच्या पाठीची उंची कोणी मोजलेली नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. काकांनी अंगठा दाखवला.

आता क्रामझोर्गचं इतकं कौतुक केलं, तर तेही सांगते. शेवटच्या दिवशी तिने तासांच्या कागदावर माझी सही घेतली, हात मिळवला आणि सायकलवरून गेली. मी दाराशी उभी राहून रडले. ती पुन्हा कधी दिसली नाही, दिसायचं कारणही नव्हतं. मला तेव्हा सांगलीची मावशी हवी होती, माझी टाळू भरलेली, मला अजून "पोरी" म्हणणारी. डच मैत्रिणींना कळत नाही की सख्ख्या आईला तीन महिने घरात कसं ठेवून घेते, आणि सांगलीत कोणाला कळत नाही की परक्या बाईला टाके कसे दाखवते.

नंतर मुलीला घेऊन सांगलीला गेले तेव्हा मावशी रोज आली. तेल लावलं, न्हाऊ घातलं, दृष्ट काढली. निघताना मी मनात तासांचा हिशेब करून तिच्या हातात पाकीट ठेवलं. तिने नोटा बघितल्या आणि म्हणाली, "येवढं कशाला? मी काय परकी हाय व्हय?" पण घेतले, आणि मला बरं वाटलं.

ती गेल्यावर आईने मला स्वयंपाकघरात गाठलं. "इथले दर बिघडवू नकोस. तू जाशील निघून."