दुसऱ्या गेटावरचा धावा

वजनकाट्यानं 86 दाखवलं त्या दिवशी डॉक्टर एवढंच म्हणाले, "जरा चालत जावा की ओ." मी ते मनावर घेतलं. आमच्या घराण्यात एखादी गोष्ट मनावर घेतली की ती जरा जास्तच घेतली जाते. त्यामुळं चालणं बाजूला ठेवून मी थेट पळायचं ठरवलं, आणि नुसतं पळणं हे शर्यतीच्या बैलाचं काम, म्हणून त्याला साधना असं नाव दिलं.

साधनेचं हे खूळ आमच्या बेळगावातल्या, कॅम्पातल्या मित्राचं. तो रविवारी चर्चला जातो आणि बाकीचे सहा दिवस काँग्रेस रोडवर पळतो. कानात त्याची वर्शिपची गाणी. "पळताना काही मागायचं नाही, नुसती स्तुती करायची. तिसऱ्या किलोमीटरला आपला 'मी' गळून पडतो," असं तो सांगतो. माझा पहिल्या दोनशे मीटरलाच गळून पडला. त्याला उचलून काँग्रेस विहिरीच्या कट्ट्यावर बसवावा लागला. 1924 साली इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते, आणि गांधीजी भराभरा चालायचे हे जगाला ठाऊक आहे. त्या पुण्यभूमीवर मी जीभ बाहेर काढून बसलो होतो.

मग अभ्यास केला. 1984 च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये जॅक डॅनियल्स नावाच्या प्रशिक्षकानं धावपटूंची पावलं मोजली. लांब पल्ल्याचे जवळजवळ सगळेच मिनिटाला 180 च्या आसपास किंवा त्याहून जास्त पावलं टाकत होते. (माणूस खरा आहे. नाव दारूचं, शिकवण पळण्याची. गोव्याच्या इतक्या जवळ राहिल्यामुळं मला ते नाव आधी दुसऱ्याच संदर्भात माहीत झालं होतं.) म्हणजे कानातलं गाणंही त्याच चालीचं हवं. मित्राच्या गाण्यांचं बरं आहे. ड्रम एकदा सुरू झाला की शेवटपर्यंत एकाच लयीत, पाऊल आपोआप पडतं. पण माझ्या घरात आत्ती वारकरी. तिच्या भाच्यानं पळताना दुसरं काही ऐकलं तर संध्याकाळचा चहा बंद झाला असता. म्हणून मी भजन लावलं.

भजनावर पळणं काय असतं ते पळल्याशिवाय कळायचं नाही. सुरुवातीला बुवांना कसलीही घाई नसते. पेटीवाला सूर धरून बसतो, पखवाजवाला सावकाश हात मोकळा करतो, आणि बुवा एकच ओळ चार वेळा म्हणतात, दर वेळी नव्या शब्दावर मुक्काम करून. त्या लयीत पळायचं म्हणजे आजारी माणसाला भेटायला निघाल्यासारखं. शेजारून दूधवाला सायकल हातात धरून पुढं जातो आणि जाताना मागं वळून काळजीनं बघतो. अंतरा जेमतेम अंगात मुरतो तोवर अभंग संपतो. ॲप फुकटातलं, त्यामुळं दोन अभंगांच्या मध्ये एक बाई कन्नडमधून मला कर्ज हवंय का विचारते. अगदी मन लागत आलेलं असतं तेव्हाच.

आणि मग गजर. "ज्ञानोबा माउली तुकाराम" सुरू झालं की टाळांची लय आधी दुप्पट, मग चौपट, मग मोजता येत नाही अशी. पाय माझे राहत नाहीत. पोट एका लयीत, मी दुसऱ्या. जॅक डॅनियल्सचे 180 कधीच मागं पडलेले असतात. शेवटी "पुंडलिक वरदे" झालं की लहानपणापासूनच्या सवयीनं दोन्ही हात वर. एकदा असे हात वर केले आणि परिवहनची बस माझ्यापुढं करकचून थांबली. कंडक्टर दारात उभा राहून "बर्री, बर्री" म्हणून बोलवाय लागला. इतक्या आपुलकीनं बोलावलं की मी चढलो. पुढच्या स्टॉपला उतरलो. घड्याळानं त्या दिवशी माझा आयुष्यातला सगळ्यात वेगवान किलोमीटर नोंदवला, तो मी अजून पुसलेला नाही.

बुटांचं प्रकरण मात्र खर्चिक निघालं. मित्र म्हणाला, हलका बूट घे, पायात काही नाही असं वाटलं पाहिजे, म्हणजे चित्त वर जातं. घेतला. पोपटी रंग, वर जाळी, आणि इतका हलका की खोका दिला तेव्हा मला वाटलं बूट घालायचे विसरले. खात्री करून घ्यायला म्हणून शहापुरातल्या आमच्या नेहमीच्या कुंद्याच्या, म्हणजे इथल्या दुधाच्या मिठाईच्या, दुकानात शिरलो. मालक ओळखीचे. त्यांनी काट्यावर आधी बटरपेपर पसरला (बुटाची काळजी म्हणून नव्हे, काट्याची), वर एक बूट ठेवला. 204 ग्रॅम.

"एकाचं?"

"एकाचं."

"आणि जोडी कितीला?"

"आठ हजार दोनशे."

त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. बोटाला लागलेला कुंदा धोतराला पुसून आकडे दाबले, आणि बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. "वीस हजारांच्या वर किलो पडतंय की ओ हे," ते म्हणाले. "आणि खाताबी येत नाही."

नंतरच्या आठवड्यात पाऊस लागला. येळ्ळूरकडं राजहंसगडाच्या वाटेवर पळायची मला हौस आली. दोन्ही बाजूंना भाताची शिवारं, रोप लावणाऱ्या बायका, वर ढगात गड. साधनेला याहून चांगली जागा नाही. फक्त त्या जाळीतून वारा आत यावा अशी कंपनीची योजना होती आणि शिवारानं चिखल पाठवला. तसाच दुकानात आलो. मालकांनी या वेळी दुहेरी बटरपेपर घातला. 430 ग्रॅम. "पाव किलो तर मातीच आणलीसा," ते म्हणाले, "बासमतीची असंल तर ठेवून जावा." बुटाचं वजन शंभर ग्रॅमनं वाढलं की पळायचे कष्ट साधारण 1 टक्क्यानं वाढतात असं शास्त्र सांगतं. म्हणजे चिखलामुळं वाढले सव्वादोन टक्के. बाकीचे कष्ट माझे स्वतःचे, घरचे.

आत्ती आषाढी करून परत आली तेव्हा ओसरीवर वर्तमानपत्र पसरून मी बूट वाळत घातले होते. तिनं आपल्या रबरी चपला त्यांच्या शेजारी काढल्या. दर वर्षी आळंदी ते पंढरपूर, वय 68.

"एवढं काय त्यात?" तिनं विचारलं.

मी तिला 138 ग्रॅमच्या बुटाची गोष्ट सांगितली. 2023 साली बर्लिनमध्ये इथिओपियाची टिगिस्ट असेफा तो घालून 2 तास 11 मिनिटं 53 सेकंदांत मॅरेथॉन पळाली, बायकांचा जागतिक विक्रम केला. बूट आदिदासचा. किंमत पाचशे डॉलर, आणि तो म्हणे एका शर्यतीपुरताच, पत्रावळीसारखा.

"आदिदास?" आत्ती सावरून बसली. "पुरंदरदास ऐकलेत, कनकदास ऐकलेत. हे कुठले?"

"जर्मनीचे."

"तिकडंबी दास आहेत?" तिनं हात जोडले. मूळ मालकाचं नाव आडी डास्लर होतं, त्यावरून कंपनीचं नाव पडलं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. हात जोडून झाल्यावर काय सांगायचं?

मग ती मुद्द्यावर आली. "तू रोज पळाय लागलास, बरं. पण कुणाकडं?"

"कुणाकडं म्हणजे? व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाला गोल मारून घरी."

"मग तो धावा कसला?"

वेळापूरचा धावा ती आठ वेळा पळाली आहे. तिथल्या टेकावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी परंपरा. म्हणून माउलींच्या पालखीबरोबरचे वारकरी त्या उतारावर आजही पळतात. डोक्यावर तुळस, खांद्यावर पताका, पायात असेल ते. "आम्ही पळतो ते पाच मिनिटं, पण पुढं कुणीतरी उभा असतो. तू पळतोस आणि पुढं तुझंच घर."

मला हे लागलं. मी न्यूयॉर्क काढलं. श्री चिन्मय यांच्या अनुयायांची तिथं एक शर्यत असते, 3,100 मैलांची, जवळजवळ पाच हजार किलोमीटर. 1997 पासून चालू आहे. 52 दिवस, रोज पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत, आणि सगळं एकाच चौकोनाच्या कडेनं, पाच हजारांवर फेऱ्या. निव्वळ साधना म्हणून.

आत्ती प्रभावित झाली. "म्हणजे प्रदक्षिणा की. मध्ये देऊळ कुठलं?"

"देऊळ नाही. शाळा आहे."

"शाळेला पाच हजार प्रदक्षिणा?" ती विचारात पडली. "मग हेडमास्तर पावले काय कुणाला?"

"रिंगणपण गोलच असतं की, आत्ती!" मी शेवटचा पत्ता टाकला. पण रिंगणाबद्दल आमच्या जिल्ह्यात कुणाला काही शिकवायला जाऊ नये. माउलींचे अश्व आमचेच, चिकोडी तालुक्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे. दर वर्षी अंकलीहून चालत आळंदीला जातात. रिंगणात दौड झाली की लोक त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावतात.

"असतं की गोल," आत्ती शांतपणे म्हणाली. "पण तिथं पळतोय तो घोडा. तू घोडा आहेस काय?" आणि चहा टाकायला आत गेली.

त्यानंतर श्रावणातली गोष्ट. सकाळचे पावणेसात, भुरभुर पाऊस. काँग्रेस रोडला जायचं तर आम्हाला रेल्वेचं गेट लागतं. मी दुसऱ्या गेटापाशी पोचलो आणि गेट पडलं. नेमका तेव्हाच कानात गजर चढला होता. पळताना मध्येच थांबू नये, जागच्या जागी पाय हलवत राहावं, असं मी वाचलेलं. म्हणून मी गेटाच्या दांड्यापुढं डोळे मिटून जागच्या जागी उड्या मारत राहिलो. टाळ चौपट झाले, मीही झालो. "पुंडलिक वरदे"ला हात वर गेले. डोळे उघडले तर रुळांपलीकडं मित्र उभा. त्यानं हातानंच विचारलं, किती झाले? मी तीन बोटं दाखवली. तीन किलोमीटर.

एवढ्यात लक्षात आलं, माझ्या बाजूला भाजीची पाटी खाली ठेवून एक बाई हात जोडून काहीतरी बोलत होती. कानात टाळ, त्यामुळं ऐकू शून्य. माणूस नमस्कार करतोय म्हटल्यावर मी मान हलवली आणि नमस्कार केला. गाडी गेली. गेट उघडलं, आणि दुचाकीवाल्यांनी मला आधी जाऊ दिलं. बेळगावात हे कधी घडत नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तुळशीची लग्नं झाल्यावर, त्याच गेटावर, त्याच वेळेला ती बाई माझी वाट बघत उभी होती. सोबत नवरा, हातात नारळ, आणि लग्नाची पत्रिका. "अप्पा, मी विचारलं नव्हं काय, मगन मदवी यावाग री म्हणून? पोराचं लग्न कधी? तुम्ही तीन म्हणालासा. तीन महिन्यांत जमलं बघा." पोरगा चौतीस वर्षांचा. शेती करतो. आमच्या भागात शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळायची म्हणजे काय असतं ते ज्याच्या घरात पोरगा आहे त्याला विचारावं. सहा वर्षं ते वणवण फिरत होते.

मी म्हटलं, "अहो बाई, ते किलोमीटर होते!"

"होय की," ती भक्तिभावानं म्हणाली, आणि वाकली. मी मागं सरकेपर्यंत तिनं माझ्या बुटाच्या टोकावरची माती बोटावर घेऊन कपाळाला लावलीसुद्धा. पाठोपाठ नवऱ्यानंही. पोपटी जाळीवर कुंकवाचं बोट उमटलं, ते साबणानं, व्हिनेगरनं, कशानंच अजून गेलेलं नाही. मागचा एक स्कूटरवाला हेल्मेट काढून हळूच म्हणाला, "साहेब, माझ्या बदलीचंबी बघा की जरा."

नारळ घेऊन पळता येत नाही. चालत घरी आलो. आत्तीला सगळं सांगितलं, ती हसली नाही. तिनं नारळ कानाशी धरून हलवला, पाणी आहे का बघितलं. मग ओसरीवरच्या बुटाकडं, त्या कुंकवाकडं, आणि माझ्याकडं बघितलं.

"म्हणजे शेवटी घोडाच झालास," असं म्हणून ती कोयता शोधायला आत गेली.