घरच्यांसाठी वेळ काढण्याची आध्यात्मिक रीत

प्रिय बंधुभगिनींनो, प्रभूच्या सेवेत आपण किती गुंतलेले आहात याची कल्पना चर्चमधल्या साऱ्या मंडळीला आहे, कारण ती आपणच दर रविवारी करून देता. तरीही घरच्या माणसांची नीट ओळख व्हावी असे आपल्या मनात कधी चुकूनमाकून आलेच, तर पुढील सूचना उपयोगी पडाव्यात.

सर्वप्रथम एक समिती नेमावी. 'कुटुंब रविवार' जवळ आला की पंच, स्त्री-मंडळ आणि तरुण संघ यांच्या संयुक्त बैठका रोज संध्याकाळी, म्हणजे नेमक्या मुलांच्या अभ्यासाच्या आणि म्हाताऱ्यांच्या जेवणाच्या वेळी, ठेवाव्यात. प्रीतिभोजनात पुलाव असावा की बिर्याणी, यावर रात्री उशिरापर्यंत खल करावा. आपण घरी पोहोचेपर्यंत सगळे झोपलेले असल्यामुळे कलहाचा प्रश्नच उद्भवत नाही.

मुलांची ख्यालीखुशाली संडे स्कूलच्या बाईंकडून कळत असते.

पत्नीशी बोलायचे असल्यास कौटुंबिक प्रार्थनेत, डोळे मिटून, प्रभूला उद्देशून बोलावे. 'हे प्रभू, माझ्या पत्नीला सौम्य स्वभाव दे' असे म्हटले की निरोपही पोहोचतो आणि उलट उत्तरही येत नाही.

आईवडिलांना भेटायला जाताना फोन पूर्ण चार्ज केलेला असावा. याचा आदर्श नमुना नुकताच पाहण्यात आला. मंडळीचे पंच असलेले माझे थोरले बंधू बऱ्याच महिन्यांनी आईला भेटायला आले. तिच्यासमोर खुर्चीत बसून त्यांनी 'आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख' हे वचन गुलाबांच्या चित्रासह नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपवर पाठवले आणि कोणाकोणाचे 'आमेन' आले ते पाहत बसले. आई तेव्हा आपल्या नर्सिंगच्या दिवसांविषयी सांगत होती. मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी 1894 साली सुरू केलेल्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात, रात्रपाळीला, एका अडलेल्या बाळंतिणीपाशी ती पहाटेपर्यंत कशी बसून राहिली होती, ते ती सांगत होती आणि बंधुराज मान वर न करता 'हो का, हो का' म्हणत होते. मग मध्येच त्यांनी विचारले, "आई, तू मिरजेला कधी होतीस गं?" आई बोलायची थांबली आणि चहा टाकायला उठली. अरे दादा, तुझ्या कॉलेजची फी ज्या पगारातून गेली, तो पगार काय आकाशातून मान्ना, ती बायबलातली स्वर्गीय भाकर, पडावी तसा पडत होता? तिने साडीचा पदर खोचून आयुष्यभर रात्रपाळ्या केल्या आणि त्या कुठे केल्या हेही तुला ठाऊक नाही! चहा घेऊन, एक लांबलचक प्रार्थना करून साहेब लगबगीने बैठकीला गेले. बैठकीचा विषय होता, 'घरातील वडीलधाऱ्यांशी संवाद'.

साक्ष देताना, म्हणजे मंडळीपुढे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगताना, आईचे नाव गहिवरून घ्यावे. मागच्या बाकावर बसलेल्या आईला ते ऐकू येते की नाही, याची चौकशी करण्याचे कारण नाही.

आणि कोणी हटकलेच, तर 'प्रभूचे काम आधी' असे म्हणून मोकळे व्हावे.

पुरे झाले. ही पळवाट तुम्ही शोधलेली नाही. बायबलात, मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात ती आहे. आईबापांना जे द्यायचे ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असे एकदा जाहीर केले की त्यांच्यासाठी काही करायला नको आणि वर धार्मिकताही मिरवता येते. असे शिकवणाऱ्या परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहुदी पंथीयांना, आणि शास्त्र्यांना येशूने तोंडावर ढोंगी म्हटले. ते पैसा कुर्बान करत होते, तुम्ही संध्याकाळी कुर्बान करता, एवढाच फरक. ज्याने वधस्तंभावर प्राण जात असतानाही आईला शिष्याच्या हवाली करून तिची सोय लावली, त्याच्या नावावर आपल्या बैठका खपवू नका. देवाने तुमच्याकडे आणखी एक उपसमिती मागितलेली नाही. आई समोर बसली आहे, बोलते आहे, तिला सांगायचे आहे. फोन पिशवीत टाका आणि ऐका. तेवढेही जमत नसेल, तर निदान येत्या रविवारी कुटुंबाविषयी साक्ष द्यायला उभे राहू नका.