‘कोरियन मजूर आपणहून गेले होते’ म्हणणाऱ्यांना

दुसऱ्या महायुद्धात जपानमध्ये राबलेल्या कोरियन मजुरांबद्दल (कोरिया तेव्हा जपानची वसाहत होती) एक युक्तिवाद हल्ली फार फिरतो: ते पगारासाठी आपणहून जपानला गेले, नेलं खासगी कंपन्यांनी, युद्धात अशी सक्ती सगळेच देश करतात आणि १९६५ साली जपान-दक्षिण कोरिया करारात हिशेब मिटला. मग जपान सरकारचा संबंध काय?

‘आपणहून गेले.’ काही जण जाहिरात पाहून गेले, हे खरंच आहे. २०१८ साली दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात जपानी पोलाद कंपनीविरुद्ध जिंकलेल्या चौघांपैकी दोघे तसेच. १९४३ मध्ये प्योंगयांगला जाहिरात लागली होती: ओसाकाच्या कारखान्यात दोन वर्षं काम शिका, मग कोरियातच तंत्रज्ञ व्हा. तिथे गेल्यावर भट्टीत कोळसा भरायचा, नाहीतर लोखंडी नळात शिरून कोळशाची घाण खरवडायची. महिन्याला दोन-तीन येन हातखर्चाला. बाकीचा पगार न विचारताच त्यांच्या नावच्या खात्यात, आणि पासबुक नि शिक्का दोन्ही वसतिगृहाच्या मुकादमाच्या ताब्यात. पळून जायचं बोलले म्हणून एकाला मार बसला. १९४४ च्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तिथल्या तिथेच त्यांना सरकारी सक्तीखाली आणलं, आणि ती चिल्लरही बंद झाली. माणूस आला कसा, एवढंच विचारून भागतं का? त्याला परत जाता येत होतं का, तेही विचारा.

‘नेलं कंपन्यांनी.’ कोणाच्या परवान्यावर? १९३८ च्या राष्ट्रीय मोबिलायझेशन कायद्यानंतर (देशाची माणसं आणि साधनं युद्धासाठी सरकारच्या हाती देणारा कायदा), १९३९ पासून, किती मजूर न्यायचे ते सरकारच्या वार्षिक योजनेत ठरत होतं. १९४२ पासून कोरियातलं वसाहत सरकारच कोटा वाटून माणसं जमवू लागलं. याचं गोंडस नाव ‘सरकारी मध्यस्थी’. १९४४ च्या सप्टेंबरपासून तर थेट हुकूम, नाकारला तर शिक्षा. चिनी मजुरांच्या बाबतीत पळवाटच नाही: नोव्हेंबर १९४२ मध्ये मंत्रिमंडळानेच ठराव केला. आणले सुमारे ३९,०००, त्यातले ६,८३० मेले. हे आकडे जपानच्या परराष्ट्र खात्याच्या अहवालातले आहेत, कुणा विरोधकाचे नव्हेत.

‘युद्धात चालतं.’ आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सक्तीच्या मजुरीविरुद्धच्या १९३० च्या करारात युद्धाचा अपवाद आहे, आणि जपानने तो करार १९३२ साली मान्य केला होता. पण त्याच संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९९९ मध्ये सांगितलं, की खासगी उद्योगांसाठी अशा हालात लोकांना सरसकट राबवणं हा कराराचा भंगच होता. पुढे वाद नको.

१९६५ चा मुद्दा मात्र वजनदार आहे, तो उडवून लावू नये. जपानकडून दक्षिण कोरियाला ३० कोटी डॉलर मदत, २० कोटी कर्ज, आणि दावे ‘पूर्णपणे व अखेरचे’ मिटल्याचं कलम. कोरियन सरकारनेही यातला बराचसा पैसा उद्योगांत घातला आणि मजुरांना हात आखडून दिलं. तो दोष सोलचाच. तरी त्या कलमाने काय संपलं? ऑगस्ट १९९१ मध्ये जपानच्या परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्याने संसदेत सांगितलं, की दोन्ही सरकारांनी एकमेकांकडे दाद मागायचा हक्क सोडला. व्यक्तीचा दावा देशी कायद्याने नष्ट झालेला नाही. २०१८ च्या निकालानंतर जपानच्या परराष्ट्रमंत्र्यांनीही तेच मान्य केलं. त्या निकालाची भरपाई द्यायला सोलने २०२३ मध्ये एका प्रतिष्ठानामार्फत पैसा उभा केला. त्यात रक्कम घातली ती पोस्को या कोरियन पोलाद कंपनीने, जी १९६५ च्याच पैशांवर उभी राहिली होती.